इयत्ता दुसरी, तुकडी ब

महिन्याचा दुसरा शनिवार.
चेंबूरची पालिका शाळा, दुसरा मजला.
लहानग्यांच्या बाकांवर आम्ही मोठी माणसं
गुडघे छातीशी घेऊन बसतो.
फळ्यावर शुक्रवारचा धडा तसाच राहिलेला:
आत × बाहेर
जुना × नवा
आपला ×
पुढे मोकळं. बहुधा घंटा झाली असेल.

पहिल्या दिवशी माझ्या मांडीवर फाइल होती.
पगाराच्या स्लिपा, पोलिसांचा दाखला,
आमच्या दोघांची साखर, दाब, रक्तगट,
सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स.
साळगावकर बाईंनी ती उघडलीसुद्धा नाही.
म्हणाल्या, "घराची चावी काढा.
शेजारच्या माणसाला द्या.
परत कधी मिळेल, ते विचारायचं नाही."

माझी चावी गेली भोईरकाकांच्या खिशात.
बेस्टचे निवृत्त कंडक्टर, मरोळचे.
घरी बायको, आणि प्रतिपालक म्हणून
सांभाळायला घेतलेली दोन भावंडं.
तासभर बाई बोलत होत्या:
झोप, खोटं बोलणं, कुरतडलेली नखं.
माझा हात सारखा पर्स चाचपत होता.
हा माणूस उठून गेला तर?
कुलूपवाला रविवारी येतो का?
चहाच्या वेळी चाव्या परत आल्या.
बाई एवढंच म्हणाल्या,
"ही नुसती चावी होती."

मग बिजली आली. सात वर्षांची.
नाव संस्थेतल्या मावशींनी ठेवलेलं.
आम्ही तीन नवी नावं काढून ठेवली होती.
झुबेदा म्हणाली, "राहू दे ना.
येताना दुसरं काय सामान होतं तिच्याकडे?"
तीन नावांचा कागद कपाटात आहे, कपड्यांखाली.

बिजली प्रत्येक गोष्टीला थँक्यू म्हणायची.
पाण्याला थँक्यू. टॉवेलला थँक्यू.
वेणी घालताना केस ओढला गेला, तरी थँक्यू.
चपला दाराशी ओळीत,
टोकं बाहेरच्या दिशेला.
सासूबाई खूश, अख्खा मजला खूश.
किती गुणी! नशीब काढलंत हो!
मी न्हाणीघरात नळ सोडून रडायचे.
गुणी मुलगी मिळाली म्हणून रडू येतंय,
हे सांगायचं कुणाला?

शनिवारी सांगितलं.
"होईल सगळं ठीक" असं कुणी म्हटलं नाही.
ऑर्लेमचा फ्रेडी डिमेलो बाकावरची शाई खरवडत बोलला,
"आमचा पण पाहुणाच होता. अकरा महिने."
झुबेदानं बिस्किटाचा पुडा माझ्याकडे सरकवला.
भोईरकाका बराच वेळ गप्प होते.
मग म्हणाले, "तिकीट धरून बसलीय पोर.
तिला वाटतंय, तपासनीस कधीही चढेल.
थँक्यू हेच तिचं तिकीट."

गेल्या मंगळवारी, भेंडीवरून,
तिनं ताट ढकललं.
"नको म्हटलं ना! कितीदा सांगू?"
आतलं दार असं आपटलं
की भिंतीवरचं कॅलेंडर खाली आलं.
नवरा भाताची शितं वेचत बसला.
मी गच्चीत जाऊन काकांना फोन लावला,
रात्री पावणेअकराला.
भेंडी, भात, दार, कॅलेंडर, सगळं सांगितलं.
पलीकडे आधी काहीच नाही,
मग ते घरात कुणाला तरी ओरडले,
"अगं ऐकलंस का? बिजलीनं दार आपटलं!"
दहावीचा निकाल लागावा तसे.

सगळं सुटलं, असं नाही.
ती रात्री दोनदा उठते, कडी बघून येते.
चपलांची टोकं अजून बाहेरच आहेत.
रोज दिसतात. मी वळवत नाही.

आज नवं जोडपं आलंय, कांजूरमार्गचं.
त्याच्या मांडीवर फाइल, कोपरे नवेकोरे.
मी बाकावर सरकून तिला जागा केली.
साळगावकर बाईंनी नेहमीचं सांगितलं.
तिनं पर्समध्ये खूप वेळ शोधलं,
लाल नाडी बांधलेली चावी
माझ्या तळहातावर ठेवली,
आणि नाडीचं टोक
थोडा वेळ
धरूनच ठेवलं.